ग्लासगोचा शेजार कसा मोडला आणि कोणी परत उभा केला

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लासगोच्या कामगारांना संडास-न्हाणीघर असलेली नवी घरं मिळाली, तरी त्यांचा शेजार मोडला असं वाचनात येतं. हे खरं आहे का? असेल, तर तो परत कोणी उभा केला, सरकारने की लोकांनी? आणि सगळा दोष उंच इमारतींचाच होता का?

मी वास्तुकला मुंबईत शिकले आणि पुढे ग्लासगोच्या दक्षिण भागातल्या रहिवाशांच्या गृहनिर्माण संस्थांसाठी बरीच वर्षं काम केलं. बैठका घ्यायच्या, नकाशे समजावून सांगायचे, जिन्यातली भांडणं सोडवायची, हे माझं रोजचं काम. त्याच अनुभवावरून लिहिते आहे.

शेजार मोडला, हे खरं. तो लोकांनी उभा केला, सरकारच्या पैशाने, आणि हे दोन्ही तितकंच महत्त्वाचं आहे. उंच इमारतींचा दोष मात्र लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी आहे. माझ्या मते खरा प्रश्न घराचा आकार हा नव्हताच. कोणी कुठे राहायचं, काय दुरुस्त करायचं, आधी कुणाचं करायचं, हे ठरवण्यात शेजाऱ्यांचा हात होता की नव्हता, यावर सगळं अवलंबून होतं.

आधी जुनी वस्ती पाहू. ग्लासगोचं टेनेमेंट म्हणजे वालुकाश्माची तीन-चार मजली इमारत. रस्त्यावरून एक बोळासारखं प्रवेशद्वार, त्याला तिथे 'क्लोज' म्हणतात, आत दगडी जिना, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन-चार बिऱ्हाडं. कामगाराचं घर म्हणजे एक खोली किंवा खोली आणि स्वयंपाकघर. भिंतीतल्या कोनाड्यात पलंग बसवलेला, संडास जिन्याच्या अर्ध्या वळणावर, दोन-तीन कुटुंबांत मिळून एक. १९५१ मध्ये शहराची लोकसंख्या जवळजवळ ११ लाख होती आणि सुमारे निम्मी घरं एक किंवा दोन खोल्यांची होती. गिरणगावातली चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढचं फार सांगावं लागणार नाही.

या इमारतीत काही कामं सामायिक होती आणि त्यांना नियम होते. जिना धुण्याची पाळी ठरलेली असे. ज्या बिऱ्हाडाची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवलेली असायची, आणि जिना नुसता धुऊन भागत नसे, पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या मातीच्या रेघाही ओढाव्या लागत. मागच्या आवारातल्या दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे दिवस वाटून घेतलेले. मोठं धुणं 'स्टीमी'मध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या धुण्याच्या घरात. तिथे बायका गरम पाण्याच्या हौदांशी उभ्या राहून कपडे धुवायच्या आणि सगळ्या गल्लीची खबरबात तिथेच कळायची. संध्याकाळी खिडकीच्या चौकटीवर उशी ठेवून, कोपरं टेकून, समोरच्या खिडकीतल्या बाईशी गप्पा.

हे वर्णन वाचून ज्यांचे डोळे पाणावतात त्यांना एक सांगते. त्याच जिन्यांत क्षयरोग होता. १९५७ च्या मार्च-एप्रिलमध्ये शहराने क्षयाविरुद्ध छातीच्या क्ष-किरण तपासणीची मोठी मोहीम काढली, तेव्हा पाच आठवड्यांत सात लाखांवर लोकांची तपासणी झाली. दारोदार जाऊन लोकांना बाहेर काढणारे हजारो स्वयंसेवक त्याच गल्ल्यांतले होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हा भेद नोकरीपासून फुटबॉलपर्यंत सगळीकडे होता. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं ओरडणं साऱ्या जिन्याला ऐकू जायचं आणि बहुतेक वेळा कोणी दार उघडायचं नाही. लोकांना नवी घरं हवी होती, मनापासून हवी होती, आणि हवी असणं योग्यच होतं. जुन्या शेजाराच्या आठवणी काढणाऱ्या ज्या वृद्ध बायकांशी मी बोलले, त्यांच्यापैकी एकीलाही सामायिक संडास परत नको होता.

पण त्या सामायिक जिन्याने एक ताकदही दिली होती. १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे शहरात कामगारांची रीघ लागली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. गव्हन भागात मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने बायकांनी वाढीव भाडं द्यायचं नाकारलं. घर खाली करायला अधिकारी आला की एक बाई घंटा वाजवायची आणि बाकीच्या हातातलं काम टाकून जिन्यात जमायच्या, पिठाच्या पुड्यांनी त्याला परत पाठवायच्या. नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांच्या आसपास बिऱ्हाडं संपात होती आणि वर्ष संपायच्या आत संसदेने भाडी गोठवण्याचा कायदा केला. २०१८ मध्ये गव्हनमध्ये बार्बरबाईंचा पुतळा उभा राहिला, त्यासाठीही लोकांनीच वर्गणी आणि पाठपुरावा केला. हा इतिहास इथे सांगते आहे, कारण पुढे १९७० च्या दशकात जे घडलं ते त्याच भागात घडलं आणि तिथल्या लोकांना तो इतिहास ऐकून माहीत होता.

आता मोडणं. मार्च १९४१ च्या दोन रात्रींत जर्मन विमानांनी शेजारचं क्लाइडबँक जवळजवळ बेचिराख केलं, ५२८ माणसं मेली. खुद्द ग्लासगोच्या जुन्या वस्त्या मात्र बॉम्बने फारशा पडल्या नाहीत. त्या शांततेच्या काळात नगररचनेने पाडल्या. १९४५ मध्ये शहराचे अभियंते रॉबर्ट ब्रूस यांनी मध्यभाग जवळजवळ सगळा पाडून लोकांना शहराच्या हद्दीतच नव्याने वसवायची योजना मांडली. १९४६ च्या क्लाइड खोऱ्याच्या प्रादेशिक योजनेने उलट सांगितलं की लाखो लोकांना बाहेर नव्या नगरांत पाठवा. शेवटी दोन्ही थोडं थोडं झालं. १९४७ मध्ये ईस्ट किलब्राइड आणि १९५० च्या दशकात कंबरनॉल्ड ही नवी नगरं आली. शहराच्या चार टोकांना पॉलक, ड्रमचॅपल, कासलमिल्क आणि ईस्टरहाउस या एकेका गावाएवढ्या वसाहती उठल्या. आणि १९५७ मध्ये नगरपालिकेने २९ भाग निवडले, ते टप्प्याटप्प्याने सरसकट पाडून नव्याने बांधायचे. पहिला मान गॉर्बल्सचा.

घर कसं मिळायचं हे समजून घेतलं की शेजार का मोडला ते कळतं. यादीत नाव, कुटुंबाचा आकार, किती वर्षं वाट पाहिली, यावर घर मिळे. नगरपालिकेचा माणूस जुन्या घरी येऊन पाहणी करायचा, घर किती स्वच्छ आहे, बाई कशी ठेवते, याची नोंद व्हायची आणि त्यावर कोणत्या दर्जाची वसाहत मिळेल हे ठरायचं. एका जिन्यातली आठ कुटुंबं आठ ठिकाणी गेली. आजी जुन्या घरातच राहिली, मुलगी सात-आठ मैलांवर. पोरं सांभाळायला कोणी नाही म्हणून मुलीची अर्धवेळ नोकरी गेली. हे कोणी दुष्टपणाने केलं नाही. यादी चालवणाऱ्यांच्या कागदावर 'शेजार' नावाचा रकानाच नव्हता.

नव्या वसाहतींत घरं आधी झाली, बाकीचं नंतर, काही वेळा दहा-दहा वर्षांनी. दुकानं नव्हती, भाजी आणि पाव गाडीवर येई. नगरपालिकेच्या जमिनीवर दारूचा गुत्ता नको, असं जुनं दारूबंदीचं धोरण होतं, त्यामुळे तीस-चाळीस हजार वस्तीत पुरुषांना बसायला एक पब नाही, आणि बायकांना स्टीमी नाही. कामाच्या जागा जुन्या भागात, म्हणजे रोजचं बसभाडं. स्वस्त ट्राम १९६२ मध्ये बंद झाली. पोरांना करायला काही नव्हतं आणि १९६० च्या दशकात ईस्टरहाउसच्या टोळ्या देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजल्या. १९६८ मध्ये फ्रँकी व्हॉन या गायकाने मध्यस्थी करून पोरांकडून हत्यारं खाली ठेवून घेतली आणि तिथे युवाकेंद्र सुरू झालं. ते चांगलंच झालं. पण ज्या वसाहतीला तरुणांसाठी एक खोली मिळवायला बाहेरून प्रसिद्ध गायक यावा लागतो, तिची अवस्था काय असेल ते बघा.

आता उंचीविषयी. ग्लासगोतल्याच रेड रोड वसाहतीच्या आठ इमारती, सर्वांत उंच ३१ मजली, १९६० च्या दशकात बांधल्या आणि २०१५ पर्यंत सगळ्या पाडल्या. त्यांचे फोटो सगळीकडे छापले जातात, म्हणून लोकांना वाटतं की दोष तिथेच होता. पण ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कासलमिल्क इथली बहुतेक घरं तीन-चार मजलीच होती, सामायिक जिन्याची, जवळजवळ जुन्या टेनेमेंटसारखी. तरीही तिथे तीच एकाकी अवस्था आली. जिना होता, पण त्यातले लोक एकमेकांना अनोळखी होते, आणि जिन्यातला दिवा गेला तरी तो लावण्याचा अधिकार शहराच्या मध्यावरच्या कचेरीत होता.

आता ज्या भागावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, तो गव्हन.

१९७० च्या सुमारास गव्हनची बरीच टेनेमेंटं पाडण्याच्या यादीत होती किंवा येणार होती. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात वास्तुकला शिकलेला रेमंड यंग हा तरुण तिथे एक साधा प्रश्न घेऊन गेला: या घरांत फक्त न्हाणीघर नाही ना? मग न्हाणीघर बसवलं तर? विद्यापीठाच्या वास्तुकला विभागातून १९७२ मध्ये 'असिस्ट' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याचं ऑफिस विद्यापीठात ठेवलं नाही. गव्हनमध्येच, टॅरन्से स्ट्रीटच्या परिसरात, एका दुकानाच्या गाळ्यात थाटलं. जवळच फेअरफिल्डची जहाजगोदी. पाव आणायला निघालेली बाई दारातून डोकावून विचारू शकत होती की माझ्या घराचं काय ठरलं. माझ्या कामात मी जे काही शिकले त्यात ही गाळ्याची युक्ती मी सगळ्यांत वर ठेवते. ज्या नकाशासाठी माणसाला बस पकडून, कामाचा खाडा करून जावं लागतं, त्या नकाशावर त्याचं मत कधी येत नाही.

आता तंत्राचा भाग, कारण खरी गंमत तिथे आहे. जुन्या इमारतीत संडास-न्हाणीघर बसवायचं तर सांडपाण्याची उभी नळी तळमजल्यापासून वरपर्यंत एका रेषेत जाते. म्हणजे एकावर एक असलेल्या चारही घरांनी त्याच जागी, बहुधा पलंगाच्या कोनाड्यात, न्हाणीघर घ्यायला हवं. मधल्या एकाने नाही म्हटलं तर वरच्या सगळ्यांचं अडतं. आणि ग्लासगोत एका इमारतीतले गाळे वेगवेगळ्या मालकांचे. कुठे खाजगी घरमालकाचा भाडेकरू, कुठे हप्त्यावर घेतलेलं स्वतःचं घर, कुठे मालक परगावी आणि भाडं 'फॅक्टर' म्हणजे त्याचा वसुली करणारा माणूस गोळा करतो. या सगळ्यांना एकत्र बसवणं हे आर्किटेक्टचं काम राहिलंच नाही, शेजाऱ्यांचं झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या हट्टी म्हाताऱ्याशी बोलायला तिसऱ्या मजल्यावरची बाई गेली. एक नळी जिन्यातल्या सगळ्यांना एका टेबलाशी आणू शकते, हे मी नंतर स्वतःच्या कामात पुन्हा पुन्हा पाहिलं.

यातून रहिवाशांनी चालवलेली गृहनिर्माण संस्था जन्मली. गव्हनमधली संस्था पहिल्यांपैकी. एक पौंड भरून सभासद व्हायचं, वार्षिक सभेत समिती निवडायची, समितीत गल्लीतलेच लोक: गोदीतला कामगार, बस वाहक, शाळेत स्वयंपाक करणारी, पेन्शनर. संस्था घरं विकत घ्यायची, दुरुस्त करायची, भाड्याने द्यायची, आणि कर्मचारी नेमण्याचा अधिकारही समितीकडे. १९६९ च्या स्कॉटलंडच्या गृहनिर्माण कायद्याने पाडण्याऐवजी सुधारण्याचा मार्ग मोकळा केला होता. १९७४ च्या कायद्याने अशा संस्थांना भरघोस सरकारी अनुदान मिळू लागलं. दशक संपेपर्यंत शहरात अशा वीसहून अधिक संस्था होत्या. म्हणून मी वर म्हटलं की सरकारी पैसा विसरू नका. नुसत्या वर्गणीने शंभर वर्षांच्या दगडी इमारतींची छपरं बदलता येत नाहीत. 'लोकांनी स्वतःच केलं' असं म्हणून आज जी सरकारं हात झटकतात, त्यांना या हिशोबाची आठवण करून द्यावी लागते.

काम चालू असताना कुटुंब कुठे राहणार? मुंबईकराच्या अंगावर इथेच काटा येतो, कारण संक्रमण शिबिरात गेलेली पिढी तिथेच म्हातारी झाल्याचं आपण पाहिलं आहे. गव्हनमध्ये आणि नंतरच्या संस्थांत तात्पुरती घरं त्याच गल्लीत, चालत पाच मिनिटांवर ठेवली गेली. एक जिना रिकामा करायचा, पुरा करायचा, लोक परत आणायचे, मग दुसरा. काम हळू होतं. पण पोरांची शाळा बदलत नाही, आजीचा डॉक्टर बदलत नाही, आणि परत आल्यावर समोरच्या दारात तीच माणसं असतात. दर्शनी भिंतींवरची शंभर वर्षांची काजळी धुतली तेव्हा खाली लाल आणि मधाच्या रंगाचा दगड निघाला. स्वतःच्या घराचा खरा रंग कित्येकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मागच्या आवारातल्या पडक्या भिंती आणि कचऱ्याच्या खोल्या काढून हिरवळ केली, तिथे उन्हाळ्यात खुर्च्या आल्या.

इथे एक खरा धागा आपल्याकडे येतो. सगळं पाडू नका, जे सडलं आहे तेवढंच काढा, माणसं जागेवर ठेवा, हा विचार पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाने एडिंबराच्या जुन्या भागात स्वतः राहून १८८० च्या दशकात केला होता. पुढे १९१५ पासून तो भारतातल्या गावोगावी नगररचनेचे अहवाल लिहीत फिरला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा पहिला प्रमुख झाला. तुमच्या विषयाच्या अभ्यासक्रमात घुर्ये यांचं नाव असेलच, ते गेडिसचे विद्यार्थी. गेडिसचे भारतीय अहवाल आणि गव्हनचं काम शेजारी शेजारी ठेवून वाचा. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला दुसरा इतका चांगला जोड-धडा मला ठाऊक नाही.

गव्हनमध्ये हे सगळं चालू होतं त्याच वेळी गोदीत काय चाललं होतं तेही पाहा. जून १९७१ मध्ये क्लाइड नदीवरच्या जहाजगोद्यांची एकत्रित कंपनी दिवाळखोरीत निघाली. जिमी रीड, जिमी एअरली हे कामगार नेते आणि त्यांच्या साथीदारांनी संप केला नाही. कामगारांनी गोद्यांचा ताबा घेऊन काम चालू ठेवलं. दारू नाही, मोडतोड नाही, गुंडगिरी नाही, असं रीड यांनी साऱ्या जगासमोर सांगितलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारने साडेतीन कोटी पौंडांची मदत जाहीर केली. टॅरन्से स्ट्रीटच्या समितीत संध्याकाळी बसणारे काही लोक दिवसा या लढ्यात होते. सभा कशी चालवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, मत कसं मोजायचं, हे त्यांना युनियनने शिकवलेलं होतं. पुढे कारखाने बंद पडत गेले, युनियनच्या शाखा संपल्या, आणि ते कौशल्य ज्या थोड्या ठिकाणी जिवंत राहिलं त्यात या संस्थांच्या समित्या होत्या. मात्र इथे पुरुषांच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्यांच्याहून जास्त, बायका होत्या.

या समित्या आदर्श होत्या असं समजू नका. गल्लीतल्याच लोकांकडे घरवाटपाची सत्ता आली की 'आपल्या मुलाला आधी' ही मागणी पहिल्या महिन्यातच येते. ती समजण्यासारखी आहे. पण ती मान्य केली की बाहेरून आलेल्याला, वेगळ्या रंगाच्या किंवा धर्माच्या कुटुंबाला दार बंद होतं. ज्या संस्थांनी वाटपाचे नियम लिहून भिंतीवर लावले आणि नात्यातल्या अर्जावर समिती सभासदाला मत नाकारलं, त्या टिकल्या. शेजार प्रेमळ असतो तसाच कोता आणि बंदिस्तही असू शकतो, आणि संघटकाने त्याच्याशी या मुद्द्यावर भांडायचं असतं.

गॉर्बल्समध्ये मार्ग वेगळा होता, लढ्याचा. तिथे जुनी वस्ती पाडून 'हचेसनटाउन ई' नावाची नवी वसाहत, फ्रान्समधून आणलेल्या काँक्रीटच्या तयार तुकड्यांच्या पद्धतीने उभारली. लोक राहायला गेले आणि भिंतींवर बुरशी आली, कपाटातले कपडे कुजले, पोरांना दमा लागला. अधिकारी म्हणाले, ही ओल नाही, तुमच्या श्वासाची वाफ आहे, खिडक्या उघडत जा, किटली कमी उकळा. १९७५ मध्ये भाडेकरूंनी ओलीविरुद्ध मोहीम उघडली. घरोघर फिरून नोंदी केल्या, कोणत्या खोलीत कोणत्या भिंतीला, कोणत्या महिन्यात. काहींनी भाडं रोखलं. शेवटी घरं रिकामी करावी लागली आणि १९८७ मध्ये वसाहत पाडली. वीस वर्षंही टिकली नाही. पण त्या नोंदी करताना, वेगवेगळ्या गल्ल्यांतून येऊन तिथे पडलेली अनोळखी माणसं एकमेकांच्या घरात पहिल्यांदा गेली. स्वतःच्या भिंतीवरचा डाग हा आपल्या घरकामातला दोष नाही, हे शेजारणीच्या भिंतीवर तोच डाग पाहिल्यावर कळतं. त्या आधीची लाज मी पुढे दुसऱ्या वस्त्यांत स्वतः पाहिली आहे. पाहुणा यायच्या आधी भिंतीला कपाट टेकवून ठेवणाऱ्या बायका भेटल्या आहेत.

ईस्टरहाउसच्या ईस्टहॉल भागातल्या रहिवाशांनी याच्या पुढची पायरी गाठली. १९८० च्या दशकात त्यांनी तज्ज्ञ आपल्या बाजूने आणले, घर उबदार ठेवायचा खर्चच आमच्या पगारात बसत नाही हे मोजून दाखवलं, आणि युरोपीय निधीतून ३६ घरांवर सौर उष्णतेचा आणि भिंतींच्या आच्छादनाचा प्रयोग करून घेतला. प्रश्न रहिवाशांनी ठरवला आणि अभियंत्याने त्याचं उत्तर काढलं, हा क्रम लक्षात ठेवा. त्याच ईस्टरहाउसमध्ये टोळ्यांच्या बातम्यांना कंटाळलेल्या लोकांनी उत्सव मंडळ काढलं आणि बेकार तरुणांना घेऊन भल्यामोठ्या भिंतीवर मोझेक केलं. कला म्हणून त्यावर मला फार बोलायचं नाही. पण हातांना काम मिळालं आणि ते काम वस्तीच्या मधोमध दिसत राहिलं.

उंच इमारतींकडे परत येते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे मिळतं. २००० नंतर सरकारने निर्वासितांना देशभर विभागून ठेवायला सुरुवात केली आणि ग्लासगोच्या टॉवरमधली रिकामी घरं त्यांना दिली. सुरुवात वाईट झाली. २००१ मध्ये साइटहिलमध्ये एका कुर्द तरुणाचा खून झाला. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे संशय. पण काही वर्षांतच स्कॉट्सटनच्या किंग्जवे भागातल्या टॉवरमध्ये वेगळंच घडलं. आश्रयाचा अर्ज फेटाळलेल्या कुटुंबांना पहाटे उचलून नेलं जायचं. तेव्हा तिथल्या स्थानिक कामगार कुटुंबांतल्या बायका अंधारात उठून खाली पहारा देऊ लागल्या. अधिकाऱ्यांची गाडी दिसली की फोन जायचे, कुटुंबं दुसऱ्या घरात लपायची. १९१५ ची घंटा आणि हे फोन यांत मला फरक दिसत नाही. आणि हे त्याच टॉवरमध्ये, ज्यांच्याबद्दल सगळे म्हणत होते की इथे शेजार होऊच शकत नाही.

१३ मे २०२१ ला, ईदच्या दिवशी, पॉलकशील्ड्सच्या केनम्यूर स्ट्रीटवर अशीच गाडी दोन भारतीय वंशाच्या माणसांना न्यायला आली. एक माणूस गाडीखाली जाऊन पडला आणि दिवसभर शेकडो शेजारी गाडीभोवती बसून राहिले. आठेक तासांनी दोघांना सोडावं लागलं. ती गल्ली टेनेमेंटची आहे, दक्षिण आशियाई आणि स्कॉटिश कुटुंबं मिसळून राहणारी. अशी गर्दी तासाभरात जमते, कारण कोणाकडे कोणाचा नंबर आहे, कोण पाणी आणेल, कोण वकिलाला फोन करेल, हे आधीच्या कित्येक वर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांत ठरून गेलेलं असतं.

आज चित्र मिश्र आहे. २००२ मध्ये भाडेकरूंचं मतदान घेऊन पुढच्या वर्षी नगरपालिकेची सुमारे ८० हजार घरं एका मोठ्या संस्थेकडे गेली. बदल्यात शहराचं जुनं गृहनिर्माण कर्ज माफ झालं. पुढे ही घरं लहान स्थानिक संस्थांना वाटू असं सांगितलं होतं, ते अर्धवटच झालं. लहान संस्थांवर नियमांचं आणि हिशेबांचं ओझं वाढलं आहे, समितीत यायला तरुण मिळत नाहीत, आणि मोठ्या संस्थेत विलीन व्हा असा सल्ला वरून येत राहतो. मोठ्या संस्थेला दुरुस्ती स्वस्तात पडते, तिचे संगणक चांगले असतात, हे खरं आहे. पण बैठक दहा मैलांवर गेली की भाडेकरू जात नाही.

तुम्ही प्रत्यक्ष अभ्यासाला जाणार असाल तर गव्हनपेक्षा डेनिस्टन भागातल्या रीडव्हेल वस्तीपासून सुरुवात करा. पाडायला निघालेली टेनेमेंटं वाचवायला १९७५ मध्ये तिथल्या रहिवाशांनी संस्था काढली. अलीकडे ती अडचणीत आली आणि तिची घरं एका मोठ्या राष्ट्रीय संस्थेला देण्याचा प्रस्ताव आला. त्या बाजूने पैशाची आश्वासनं होती, घरांच्या दुरुस्तीची निकड खरी होती, आणि अनेक जाणकारांना वाटत होतं की लोक हो म्हणतील. डिसेंबर २०२३ मध्ये भाडेकरूंनी बहुमताने नकार दिला. त्या मतदानाच्या आधी दारोदार काय बोललं गेलं, कोण कोणाच्या घरी गेलं, समितीत नव्याने कोण आलं, हे विचारा. पन्नास वर्षांपूर्वीची माणसं आता थोडीच उरली आहेत, त्यांच्याकडे आधी जा. आणि इतिवृत्ताच्या वह्या मागा. त्यांत छपरांची, नळांची, जिन्यातल्या दिव्यांची जी भांडणं नोंदलेली आहेत, तुमचा प्रबंध तिथून सुरू होईल.